गद्य लिहिणाऱ्यांना नाशिकमध्ये सोबती कुठे मिळतात?

बागलाणची_लेक:

नमस्कार. मी मूळची सटाण्याकडची. लग्नानंतर नाशिकमध्ये सिडकोत राहायला आले आणि आता अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. गेली काही वर्षे मी कथा लिहीत आहे. त्यांपैकी दोन दिवाळी अंकांत छापून आल्या, काही साभार परत आल्या आणि बऱ्याच वहीतच आहेत. सध्या एक दीर्घकथा हातात घेतली आहे. ती अर्ध्यावर येऊन थांबली असून, ती पुढे का सरकत नाही हे माझे मला उमगत नाही. ज्याला हे उमगेल आणि जो ते मला स्पष्ट सांगेल असा वाचक मला हवा आहे, आणि तो घरात किंवा कार्यालयात मिळत नाही. घरची माणसे कौतुकाने "छान आहे" म्हणतात, सहकारी "वेळ कसा मिळतो तुम्हाला?" असे विचारतात, आणि विषय तिथेच संपतो.

नाशिकमध्ये साहित्यिक कार्यक्रमांना तोटा नाही हे मला माहीत आहे. जमेल तेव्हा मी त्यांना जातेही. पण बहुतेक ठिकाणी कवितावाचन असते. प्रत्येकाने एक कविता वाचायची, इतरांनी दाद द्यायची, शेवटी छायाचित्र काढायचे आणि घरी जायचे, असा तो क्रम असतो. त्यात गैर काही नाही. फक्त माझी गरज त्याने भागत नाही. व्हॉट्सॲपच्या दोन साहित्यसमूहांत मला कोणीतरी जोडून घेतले आहे. तिथे सकाळी कथा टाकली, तर दुपारपर्यंत हात जोडलेली आणि फुलांची चित्रे येतात, आणि ती पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी कथा उघडली असेल का, अशी शंका येत राहते.

माझे विचारणे असे आहे. एकमेकांचे अपुरे, कच्चे लेखन वाचून त्यावर मोकळेपणाने बोलणारी गद्यलेखकांची लहान बैठक नाशिकमध्ये कशी शोधावी, आणि शोधून मिळाली नाही तर ती सुरू कशी करावी? माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर थांबणे मला शक्य नाही, हे लक्षात घेऊन सुचवावे. आणखी एक अडचण आहे. माझ्या कथांतील माणसे अहिराणी बोलतात. "हे वाचकाला कळणार नाही, सरळ मराठीत लिहा" असे मला पूर्वी सांगण्यात आले आहे, त्यामुळे अनोळखी लोकांपुढे वाचायला मन कचरते.

गोदातीर:

ताई, तुम्ही कार्यक्रम आणि बैठक यांत केलेला भेद नेमका आहे. आपल्या शहरातील संस्थांकडून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही हे एकदा वेगळे करून घेतले, तर शोध सोपा होईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले सावाना, १८४० साली स्थापन झालेले आहे. लोकहितवादी मंडळ १९५० पासून काम करीत आहे आणि २०२१ चे ९४ वे अखिल भारतीय साहित्य संमेलन आडगावला त्याच मंडळाच्या पुढाकाराने झाले. गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारकात वर्षभर काही ना काही चालू असते, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, नाशिकरोडला महाराष्ट्र साहित्य परिषदेची शाखा आहे. एवढ्या संस्था असलेल्या शहरात कथा लिहिणाऱ्या माणसाला एकटे वाटावे हे प्रथमदर्शनी विचित्र दिसते, पण त्यामागे साधे कारण आहे. संस्था कार्यक्रम करतात आणि कार्यक्रम घड्याळावर चालतो. कविता तीन मिनिटांत वाचून होते, त्यामुळे दोन तासांत पंचवीस-तीस जणांना व्यासपीठ देता येते, आणि प्रत्येकाबरोबर घरची दोन माणसे आली तरी सभागृह भरते. कथेला किमान वीस मिनिटे लागतात. एका संध्याकाळी चार कथा वाचल्या, तर पाचव्या कथेला श्रोता उरत नाही. संमेलनात कविकट्टा दिवसभर गजबजलेला असतो आणि कथाकथनाला मोजक्या निमंत्रितांचे एखादे सत्र मिळते, त्याचेही कारण हेच. कवींनी गद्यलेखकांची जागा बळकावली असे मानून रुसण्यात अर्थ नाही. (नव्या कवींच्या पहिल्या संग्रहांना मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाकडून विशाखा पुरस्कार मिळतात, तसे काही कथाकारांसाठीही असावे असे मला वाटते, पण तो विषय निराळा.)

नाशिकला गद्याचे वावडे आहे असेही कोणी समजू नये. बाबूराव बागूल इथल्या विहितगावचे, आणि वसंत कानेटकरांनी आपली नाटके याच शहरात राहून लिहिली.

म्हणून माझे सुचवणे असे, की कार्यक्रमाला जावे ते माणसे हेरण्यासाठी. सावानाच्या जिल्हा साहित्यिक मेळाव्याला जिल्ह्यातील निरनिराळ्या तालुक्यांतून लिहिणारे येतात. तिथे मंचावर काय चालले आहे यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत कोण काय बोलते याकडे लक्ष द्यावे. एखादा माणूस नुकत्याच ऐकलेल्या कथेविषयी "ती बाई शेवटी परत का गेली, हे मला पटले नाही" असे काही बोलत असेल, तर त्याच्याशी ओळख करून घ्यावी. पुरस्कारांची यादी सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. अशी दोन माणसे मिळाली तरी बैठक सुरू होऊ शकते.

दुसरी जागा वाचकांची. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या "ग्रंथ तुमच्या दारी" या २००९ पासूनच्या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वसाहतीवसाहतींत फिरतात आणि एका पेटीभोवती शेजारच्या काही कुटुंबांचा गट जमतो. सिडको-इंदिरानगर भागात अशी पेटी कुठे आहे याची चौकशी करावी. त्या गटातील माणसे लिहीत नसतील, पण ती कथा-कादंबऱ्या पदरमोड न करता आणि मत न लपवता वाचतात. कथेला पहिला श्रोता म्हणून लेखकापेक्षा असा सराईत वाचक मला अधिक भरवशाचा वाटतो.

एकटा_वाचक:

मी थोडे विरुद्ध बोलतो, राग नसावा. लेखकाला लेखकांची सोबत हवीच असते हे गृहीतच मला तपासून पाहावेसे वाटते. मी अशा दोन गटांत काही काळ होतो. दोन्हीकडे पुढे पुढे सगळ्यांच्या कथा एकसारख्या होऊ लागल्या. गटातील एका ज्येष्ठांना सूचक शेवट आवडत असे, तर वर्षभरात प्रत्येकाची कथा सूचक शेवटाची झाली. एकाला निवेदनातील विनोद खटकत असे, तर विनोद करणाऱ्याने तो सोडून दिला, आणि त्या कथांत वाचण्यासारखे तेवढेच होते. गटाची म्हणून एक अभिरुची तयार होते आणि ती कोणाच्याही नकळत वेगळे लेखन छाटत जाते. अहिराणीचा मुद्दा तुम्ही मांडलाच आहे. तो सल्ला देणारी माणसे वाईट नसणार, त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे सल्ला दिला. असे पाच जण एकत्र बसले, की त्याच सल्ल्याला बहुमताचे वजन येते.

कथा अडली असेल, तर ती महिनाभर बंद करून ठेवावी आणि मग स्वतःच मोठ्याने वाचावी. जिथे वाचताना आपला आवाज घाई करू लागतो, तिथे काहीतरी बिनसलेले असते. दुसरा मार्ग चांगल्या संपादकाचा. एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाने नकार देताना दोन ओळी जरी लिहिल्या असतील, तर त्या जपून ठेवाव्यात.

खर्डेघाशी:

एकटा_वाचक यांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. गटाची अभिरुची तयार होते हे खरे. पण त्यांनी वर्णन केलेल्या दोन्ही गटांत ऐकणारे लेखकाला उपाय सांगत होते असे दिसते. उपाय सांगायला बंदी घातली, की हा धोका बराच कमी होतो. आम्ही पाच-सहा जण गंगापूर रोडवर एकाच्या घरी भेटतो. आमची पद्धत सांगतो, तीतले रुचेल तेवढे घ्यावे.

वाचायचा मजकूर आठवडाभर आधी सर्वांना पाठवला जातो आणि तो पंधराशे-दोन हजार शब्दांच्या वर नसतो. कथा मोठी असली, तर जो भाग अडला आहे तेवढाच येतो आणि मागचे कथानक लेखक चार ओळींत लिहून देतो. बैठकीत लेखक त्यातले एखादे पान मोठ्याने वाचतो आणि त्यानंतर चर्चा संपेपर्यंत गप्प बसतो. हा गप्प बसण्याचा नियम सर्वांना जड जातो, मला अजूनही जातो, पण बैठकीचा सगळा उपयोग त्यातच आहे. लेखक उत्तरे देऊ लागला, की ऐकणारे कथेऐवजी त्याच्या स्पष्टीकरणाशी बोलू लागतात, आणि छापील पानाबरोबर स्पष्टीकरण द्यायला लेखक येत नसतो.

चर्चेची सुरुवात चांगले-वाईट सांगून होत नाही. प्रत्येकाने आधी आपल्याला काय घडताना दिसले तेवढेच सांगायचे: कोण कोणाशी बोलत होते, कधीचा काळ आहे, कोणाला काय हवे होते. यातच इतके बाहेर येते, की पुढच्या अभिप्रायाची कित्येकदा गरजही उरत नाही. आमच्यातील एकाने लासलगावच्या बाजार समितीतल्या लिलावाचा प्रसंग लिहिला होता. भाव कोसळलेला असतानाही शेतकरी कांदा देऊन टाकतो आणि रिकामा ट्रॅक्टर घेऊन परत निघतो. लेखक स्वतः कांदा पिकवणाऱ्या घरातला, त्यामुळे त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याच्या डोक्यातही नव्हते. शहरात वाढलेल्या दोघांना मात्र तो शेतकरी भित्रा वाटला. भरलेली ट्रॉली माघारी नेण्याचे भाडे, पुन्हा उतरवून घेण्याची मजुरी आणि कांदाचाळीत जागा नसल्यामुळे सडणारा माल यांचा हिशेब त्या माणसाच्या मनात चाललेला आहे, हे कथेत कुठेच आलेले नव्हते. कोणीही "असे लिहा" म्हटले नाही. "तो माल परत का नेत नाही?" एवढेच विचारले गेले. पुढच्या वेळी लेखकाने तो हिशेब शेतकऱ्याच्या बायकोच्या तोंडी घातला, तोही भांडणाच्या भरात, आणि कथा कुठल्या कुठे गेली. ही कल्पना आमच्यापैकी कोणालाही सुचली नसती.

संख्येविषयी एवढेच सांगतो, की चारांपेक्षा कमी असले तर एक जण आजारी पडला की बैठक मोडते, आणि आठांपेक्षा जास्त झाले की आपली पाळी येईपर्यंत ऋतू बदलतो. जो माणूस सतत बोलतो पण स्वतःचे काही वाचायला आणत नाही, त्याला दोन-तीन बैठकांनंतर प्रेमाने मजकूर मागावा. तो एकतर लिहू लागतो किंवा यायचे थांबतो, दोन्हींत हित आहे. ज्येष्ठत्वाचा प्रश्नही आधीच मिटवलेला बरा. आमच्याकडे सर्वांत नवख्याने प्रथम बोलायचे आणि सर्वांत मुरलेल्याने शेवटी, असा क्रम आहे, कारण "सर" आधी बोलले की पुढचे चौघे "सरांनी म्हटल्याप्रमाणे" असेच म्हणतात.

बैठका संपतात, याचीही तयारी ठेवावी. पुण्यात १९२३ साली सुरू झालेले रविकिरण मंडळ हे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे हे कवी, आणि त्यांच्यात नाट्यछटाकार दिवाकरांसारखा गद्य लिहिणाराही होता. रविवारी चहाला जमायचे आणि एकमेकांना वाचून दाखवायचे, यातून ते उभे राहिले. एकमेकांची स्तुती करणारी मंडळी अशी त्यांची टिंगलही झाली. आचार्य अत्र्यांनी विडंबने करून त्यांना सळो की पळो करून सोडले. (हेच अत्रे १९४२ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते.) मंडळ पुढे विस्कटले. पण त्या काही वर्षांत त्या कवींनी जे लिहिले, त्यातले किती एकेकट्याने लिहिले गेले असते, याची मला शंका आहे. गट दहा वर्षे टिकला पाहिजे असा आग्रह धरू नये. दोन कथा पुऱ्या होईपर्यंत टिकला, तरी त्याचे काम झाले.

बागलाणची_लेक:

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. "तो माल परत का नेत नाही?" हा प्रश्न वाचून मला माझ्या दीर्घकथेतल्या एका जागेविषयी शंका आली आहे. तिथेही मला ठाऊक असलेली गोष्ट मी लिहिलीच नसावी.

एकटा_वाचक यांचे म्हणणे मी मनात ठेवले आहे. मोठ्याने वाचून पाहण्याचा प्रयोग आज रात्रीच करणार आहे, घरचे झोपल्यावर.

आणखी तीन गोष्टी विचारते. एक, कोणाच्या घरी जमणे हे ओळखीच्या माणसांत ठीक आहे, पण नव्याने जमणाऱ्यांनी, त्यातही स्त्रियांनी, कुठे बसावे? दुसरे, अपुरी कथा अनोळखी माणसांना आठवडाभर आधी पाठवायची, तर ती कोणी उचलली तर काय करायचे? माझ्या एका मैत्रिणीची कविता दुसऱ्याच्या नावाने फिरत आहे, म्हणून विचारते. तिसरे, मला एका प्रातिनिधिक कथासंग्रहासाठी निरोप आला आहे. कथा निवडली गेली आहे, सहभागासाठी ठरावीक रक्कम भरायची, पुस्तकाच्या काही प्रती आणि सन्मानपत्र मिळेल, शिवाय "लेखक परिवारात" प्रवेश मिळेल, असे त्यात म्हटले आहे. हा परिवार म्हणजे मी शोधते आहे तेच का, हे मला ठरवता येत नाही.

मसुदा_आणि_मुद्रा:

मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि त्या निमित्ताने प्रकाशन व्यवहार जवळून पाहते, म्हणून शेवटचे दोन प्रश्न घेते.

कायद्याची बाजू अशी, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन कागदावर किंवा संगणकावर उतरले, की त्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो. तो मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. मात्र कायदा संरक्षण देतो ते मांडणीला, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटक आणि चित्रपटाच्या वादात ही गोष्ट स्पष्ट केली आहे. म्हणजे तुमचे परिच्छेद कोणी उचलले, तर तुम्हाला दाद मागता येईल. परंतु "धरणात गाव गेलेल्या म्हातारीची गोष्ट" एवढीच कल्पना ऐकून कोणी स्वतःची कथा लिहिली, तर त्याला अडवता येणार नाही. व्यवहारात करण्यासारखे एवढेच, की मजकूर स्वतःच्या ईमेलवरून तारखेसह पाठवावा, किंवा गूगल डॉक्सवर ठेवून ठरावीक माणसांनाच उघडता येईल असे करावे. त्यातच शेरेही लिहिता येतात. व्हॉट्सॲपच्या मोठ्या समूहात अख्खी कथा टाकू नये. तुमच्या मैत्रिणीच्या कवितेसारखे प्रकार बहुधा तिथूनच सुरू होतात, कारण पुढे पाठवणारा पहिली कात्री लेखकाच्या नावाला लावतो. ओळखीच्या पाच जणांच्या बैठकीतून चोरी झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मजकूर मुठीत धरून ठेवल्यामुळे कथा पुरी न होण्याचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असावे.

त्या निरोपाविषयी माझे मत रोखठोक आहे: पैसे भरू नका. निवड झाली असेल तर संपादकाने कथेविषयी काहीतरी बोलावे, निदान एखादी दुरुस्ती तरी सुचवावी. तुमच्या कथेतील एका पात्राचे नावही निरोपात नसेल, तर निवड कथेची झालेली नाही, रकमेची झालेली आहे. अशा संग्रहांत पन्नास लेखक असतात, प्रत्येक जण आपल्यापुरत्या प्रती घेतो आणि पुस्तक त्या पन्नास घरांबाहेर जात नाही. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण मग हिशेब उघड असावा. पुष्कळदा "आयएसबीएन मिळवून देऊ" म्हणून वेगळे पैसे मागितले जातात. आपल्या देशात पुस्तकाचा हा ओळखक्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हे लक्षात असू द्यावे. पहिल्या पुस्तकाची वेळ येईल तेव्हा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी जरूर करा. तिथे हस्तलिखित तपासले जाते, पैसे भरून प्रवेश मिळत नाही.

आणि परिवार म्हणाल, तर ज्याला तुमची अर्धी कथा वाचायला वेळ नाही, तो परिवार कसला?

गोदातीर:

जागेविषयी थोडक्यात. सुरुवातीला सार्वजनिक जागीच भेटावे. वाचनालयाच्या किंवा स्मारकाच्या आवारात दिवसाउजेडी चार जण बसले, तर कोणाला वावगे वाटत नाही. सभागृह घेण्याचा विचारही करू नये, कारण भाडे आले की वर्गणी आली, वर्गणी आली की खजिनदार आला आणि खजिनदार आला की अध्यक्षपदाची निवडणूक आली. कॉलेज रोडवरची उपाहारगृहे संध्याकाळी गजबजतात, मोठ्याने वाचता येत नाही. दुपारी तीन ते पाच ही वेळ सर्वच ठिकाणी शांत असते आणि तुम्हाला अंधार पडायच्या आत सिडकोत परतता येईल. तुमची सुट्टी आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी असेल, तर निवृत्त मंडळी आणि गृहिणी त्या दिवशी सहज येऊ शकतील. तुमच्या कथेला कदाचित हीच माणसे अधिक मिळतील.

द्राक्षमळा:

मी निफाड तालुक्यात राहतो, शेती करतो आणि अधूनमधून लिहितो. शहरातल्या बैठकीला येणे मला जमत नाही, म्हणून आम्ही चौघे दूरध्वनीवरून भेटतो. एक येवल्याचा, एक देवळ्याची शिक्षिका, एक नाशिकरोडचा आणि मी. चित्र दिसलेच पाहिजे असा आग्रह नाही, नुसत्या आवाजावरही बैठक चालते, उलट वाचनाकडे अधिक लक्ष राहते. फक्त हंगाम पाहावा लागतो. ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारीपासूनची तोडणी या दिवसांत माझ्याकडून कथेची अपेक्षा कोणी करीत नाही.

अहिराणीविषयी मला आवर्जून सांगायचे आहे, कारण देवळ्याच्या ताईंच्या कथांतही ती आहे. आमच्यापैकी नाशिकरोडच्या गृहस्थांना अहिराणी अजिबात येत नाही आणि त्यांचा आम्हाला फार उपयोग होतो. ते कधीही "मराठीत लिहा" म्हणत नाहीत. ते एवढेच सांगतात, की अमुक संवादात मला शब्द कळले नाहीत पण सासू चिडली आहे हे कळले, आणि तमुक संवादात काहीच कळले नाही. पहिल्या प्रकारचे संवाद ताई जसेच्या तसे ठेवतात. दुसऱ्या प्रकारात त्या बोली बदलत नाहीत, आजूबाजूच्या निवेदनात एखादी हालचाल घालतात, म्हणजे कोणी पातेले आपटते, कोणी दाराकडे पाहते, आणि अर्थ लागतो. मी चांदवडकडचा, मला अहिराणी अर्धीमुर्धी कळते, त्यामुळे माझ्या मताचा त्यांना उपयोग नसतो. मी नकळत अंदाजाने भरून घेतो. म्हणून तुमच्या बैठकीत अहिराणी घरात बोलणारे एक माणूस असावे, जे बागलाणची लकब आणि धुळ्याकडची लकब यांत घोटाळा झाला तर पकडेल, आणि ती मुळीच न येणारे एक असावे. "सरळ मराठीत लिहा" म्हणणारे मधले असतात. त्यांना सटाणा, कळवण, मालेगाव इकडची माणसे कशी बोलतात हे ऐकून माहीत असते आणि त्याची थोडी लाजही वाटत असते.

देवळ्याच्या ताईंना तुमच्याविषयी सांगितले आहे. त्यांनी तुमच्या दीर्घकथेतील अडलेला भाग वाचायची तयारी दाखवली असून, त्या बदल्यात त्यांची एक कथा तुम्ही वाचावी असे त्यांचे म्हणणे आहे. हरकत नसेल तर इथे खासगी निरोप पाठवावा. ही कथा यंदाच्या दिवाळी अंकासाठी द्यायची असेल, तर पावसाळा सुरू होईपर्यंत ती हातावेगळी व्हायला हवी. जुलै उजाडला, की संपादकांच्या टेबलावर ढीग असतो आणि दीर्घकथेची पाने आधीच कोणाला तरी देऊन झालेली असतात.